वहिनी उठत नसत ती सकाळ

फणसाडच्या जंगलात तंबूत राहायला गेलं की शकूवहिनी सकाळी उठत नसत. जाग्या असत, डोळे सताड उघडे असत. पण तंबूच्या कापडावर ऊन चढेपर्यंत अंगावरची चादर काढत नसत. मुरूडला घरी मात्र सासू-सासरे, दीर, नवरा, मुलगा, वाडीत सुपारी सोलायला येणारी माणसं, सगळ्यांचा पहिला चहा त्यांच्या हातचा.

मी त्यांची शेजारीण, शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला. दर थंडीत एका रात्रीसाठी त्या आळीतल्या पाच-सहा जणींना जंगलात नेत. पहिल्या खेपेला मी विचारलं, "स्टोव्ह घ्यायचा ना?"

"घे की. नवऱ्यालाही घे सोबत."

तिथे चूल नाही, हा त्यांचा एकच नियम. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी घरूनच न्यायची. झाडावर शेकरू दिसलं की मी वाचलेली माहिती सांगू लागे. "शाळा सुटली गो बाई," वहिनी म्हणत, "नुसती बघ."

एका सकाळी आमच्यातली रंजना तंबूत बसून रडू लागली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणी हाक न मारता उठले," म्हणाली.

"मग रडतेस काय? मी मारते हाक," वहिनी म्हणाल्या आणि हुबेहूब रंजनाच्या सासूच्या आवाजात ओरडल्या, "रंजने, चहा टाकलास काय गो?" रडणारी रंजना हसता हसता आडवी झाली.

चैत्रात वहिनी वारल्या. त्याआधीच्या थंडीत त्यांचं हृदय थकलं होतं. मुलगा, प्रसाद, जंगलात जाऊ देईना.

"डॉक्टर नको म्हणालेत, आई."

"डॉक्टरला कोण नेतंय?"

शेवटी प्रसाद स्वतःच गाडी घेऊन आला आणि रात्री गाडीतच झोपला. मला वाटलं, ही यांची शेवटची खेप. वहिनींनाही ते ठाऊक असावं. त्या नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या.

सकाळी आम्ही सगळ्या गाडीत बसलो, तरी वहिनी येईनात. थोड्या अंतरावर, झाडांत, पाठमोऱ्या उभ्या होत्या. प्रसादने हॉर्न वाजवला. त्या वळल्या नाहीत. त्याचा हात पुन्हा हॉर्नवर गेला आणि तिथेच थांबला. आईकडे पाहत राहिला तो. मग त्याने इंजिन बंद केलं. पानांची सळसळ ऐकू येऊ लागली.

उन्हं चांगली वर आल्यावर वहिनी सावकाश चालत आल्या. पायाला माती, केसांत वाळकं पान.

"उशीर केला का रे मी?"

प्रसादने उतरून त्यांच्यासाठी दार उघडलं.

"नाही आई. आम्हीच लवकर बसलो."