रविवारी एक विमान

मोठे काका विमान पंखांना धरून कधीच उचलत नसत. पोटाखाली दोन बोटं घालत. पुसायला एक जुना, मऊ कुंचला. फुंकर मारायची ती तोंड जरा बाजूला करून, म्हणजे धातूवर वाफ बसत नाही. दुपारभर पडदा ओढलेला, कारण उन्हानं रंग उडतो. आणि कुणी घरी आलं की आधी त्याचे हात बघायचे, तोंड मग.

चाळीस वर्षं ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत आले होते. विमानात कधी बसले नव्हते. पुतणीनं एकदा विचारलं तर म्हणाले, "आत बसलं की विमान दिसत नाही."

कपाटात अडतीस विमानं होती. सगळी जुनी, पंखे फिरवत उडणारी, प्रवासी. खऱ्यापेक्षा चारशेपट लहान, ओतीव धातूची, तळहातावर मावणारी. एकाचंही खोकं मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

खोकी पुतणीच्या बाबांकडे होती. संग्रह दोघा भावांनी मिळून जमवलेला. आईवडिलांची खोली सोडताना दोघांचं वाजलं. कशावरून, ते कुणीच धड सांगत नसे. धाकटा म्हणाला, "विमानं तुझी, खोकी माझी." थोरला म्हणाला, "बरं." खोक्याविना विमान अर्धं आणि विमानाविना खोकं म्हणजे नुसता पुठ्ठा, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तसं वाटून घेतलं. त्यानंतर एकोणीस वर्षं बोलणं बंद.

मग बाबांची फुफ्फुसं थकली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने. पुतणी काकांकडे गेली.

"त्यानं बोलावलंय?"

"नाही."

"मग?"

"मी बोलावतेय."

काका कपाट पुसत राहिले. पण रविवारी आले. हातात कापडात गुंडाळलेलं एकच पुडकं.

बाबा नाकात नळी लावून उशीला टेकून बसले होते. पुडकं सोडून त्यांनी विमान डोळ्यांजवळ धरलं.

"दादा, चाक वाकलंय याचं."

"असेल."

"असेल काय? बसला होतास का यावर?"

"तू खोकं काढ. कुरतडलेलं नसलं म्हणजे मिळवली."

खोकं कोरं करकरीत होतं. विमान आत बसलं, झाकण लागलं.

"बाकीची?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी."

"सदतीस?"

"एक."

"सगळी एकदम आण ना रे."

"घाई काय आहे?"

"मला आहे, दादा."

"म्हणूनच एक."

जिन्यात ती काकांना म्हणाली, "हा कसला हट्ट?"

"हट्ट नाही. त्याला काही अर्धवट टाकून जाता येत नाही. लहानपणापासून ओळखतो मी त्याला. डॉक्टर तीन महिने म्हणतात ना? माझ्याकडे नऊ महिन्यांचे रविवार आहेत."

हा वेडेपणा आहे, हे तिला कळत होतं. पण शनिवारी बाबा आपण होऊन दाढी करू लागले. पुढचं खोकं स्वतः निवडून उशाशी ठेवू लागले. अकरा रविवार असे गेले. अकराव्या रविवारी तीन शेपट्यांचं विमान खोक्यात गेलं आणि बाबांनी फर्मान काढलं, "आता ते दुमजली आण. ढेरपोट्या."

"ढेरपोट्या कुणाला म्हणतोस?" काकांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

बुधवारी सकाळी चष्म्याच्या दुकानातून फोन आला. भिंग घासता घासता काका खुर्चीतच कलंडले होते. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिनं बाबांना सांगितलं. ते उशाशी ठेवलेल्या रिकाम्या खोक्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी आधी जाणार होतो." रडले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "त्याची खोली कोण उघडणार?"

"मी जाते."

"काही आणू नकोस. आणायचं काम त्याचं."

दुपारी तिनं काकांची खोली उघडली. रविवारला अजून चार दिवस होते. तरी दुमजली विमान कपाटातून बाहेर निघालेलं होतं. टेबलावर कापड पसरून त्यावर ते आडवं ठेवलेलं. कापडाची एक बाजू त्याच्यावरून घेतलेली होती. दुसरी घ्यायची राहिली होती.