टेकडीवरचा वायरलेसवाला

खालच्या गावांतले वायरलेस सेट साखर कारखान्यापर्यंत पोचत नसत. सगळ्यांचे निरोप टेकडीवरच्या चौकीतला वायरलेसवाला पुढे द्यायचा, म्हणून बॅटरीही सगळ्यांत आधी त्याचीच बसायची. सेट बंद ठेवायचा, अधूनमधून उघडून कान लावायचा, पुन्हा बंद करायचा. माणसांशीही तसाच. मी ऊसवाहतुकीचा ठेकेदार, घासाघीस करून मोठा झालेलो; मला तो ‘शेठ, कामाचं बोला’ एवढ्यावर गुंडाळायचा.

एका दुपारी टेकडीमागे माझा ट्रक उलटला आणि ड्रायव्हरचा पाय चिरडला. मी धापा टाकत चौकीत गेलो.

“कारखान्याला सरळ सांग, जीप पाठवा म्हणावं!”

“लांब सरळ बोललो तर बॅटरी जास्त खाती, मधीच बंद पडंल. शेजारच्या चौकीला सांगतो, ती पुढं सांगंल.”

“वळसा कशाला? बॅटरी तुझ्या बापाची हाय का?”

“तसंच समजा, शेठ.”

जीप निघाल्याचं कळलं. मग मी म्हणालो, “आता कारखान्याच्या वजनकाट्यावर माझ्या बाकीच्या गाड्यांचा नंबर धरायला सांग.” त्यानं सेटच बंद केला.

“उरलेली बॅटरी जीपवाल्यासाठी. वाट चुकला तर?”

जीप चुकलीच. त्यानं सेट उघडला तेव्हा जीपवाला आपल्या सेटवरून हाका मारत होता; त्यानं वाट सांगितली. ड्रायव्हरचा पाय वाचला. माझा नंबर गेला, ऊस उन्हात वाळला.

तो राग अजून आहे. पण टेकडीखालून जाताना हॉर्न वाजवायचा नाही, असं मी सगळ्या ड्रायव्हरांना बजावलंय. तो कान लावून बसलेला असतो.