मोकळी पिन आणि आंबा घाट

कोल्हापूर सोडले तेव्हा मोटार ठीक होती, निदान सरळ रस्त्यावर. गाडी माझ्या मित्राची, बरीच जुनी, कापडी टपाची. चालवायला त्याचाच ड्रायव्हर तातोबा होता. रत्नागिरीत माझी थोरली बहीण पोटातल्या गाठीने आजारी होती. शस्त्रक्रिया मिरजेला करावी आणि पावसाने घाट बंद होण्याआधी करावी, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते. मेव्हणे आगबोटीवर नोकरीला, त्या वेळी परमुलखात. अक्काला बसवत नव्हते, त्यामुळे प्रवासी सर्व्हिस मोटारीचा उपयोग नव्हता. मागच्या सीटवर निजवूनच तिला न्यावे लागणार होते.

आंबा घाट उतरताना पुढची चाके थरथरू लागली. तातोबाने हँडल घट्ट धरले होते, तरी प्रत्येक वळणावर गाडी दरीच्या अंगाला ओढ घेई. साखरप्याला त्याने पुढची बाजू जॅकवर उचलली आणि चाक वरखाली धरून हलवले. ते सैल दातासारखे हलले.

"पिन बरी हाय, साहेब. बुश पार खाल्ल्यात."

आसाच्या टोकाला एक उभी पोलादी पिन असते. चाक डावीउजवीकडे वळते ते तिच्यावर. तिच्याभोवतीच्या पितळी नळीला बुश म्हणतात. दोन्ही चाकांचे बुश झिजले होते.

"उतरलो तसे चढूही," मी म्हणालो.

"चढताना मागं बाई असणार. मी न्हाय चढवणार ही अशी."

हातखंब्यापुढे सडा (जांभ्या दगडाचे उघडे पठार) लागला. त्याच्या टोकावरून समुद्र दिसला. एरवी मी तिथे थांबलो असतो. त्या दिवशी समुद्रावरचे ढग तेवढे पाहिले.

घरी शेजारणीने कुळथाचे पिठले आणि भात करून ठेवला होता. अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने आधी गाडीची चौकशी केली.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"मग तुझे हात का काळे?"

मी हात धुऊन आलो.

बुश मुंबईहून मागवण्याची सोय उरली नव्हती. पावसाळ्यापुरत्या आगबोटी बंद झाल्या होत्या. गावात दुसऱ्या मोटारी होत्या, पण घाट चढून मिरजेपर्यंत द्यायला कोणी तयार होईना. शेवटी बंदरावरच्या बाबल लोहाराचे नाव निघाले. गलबतांचे लोखंडी आणि पितळी काम तो करी. त्याने झिजलेले बुश बोटात फिरवून पाहिले, एका मोडक्या गलबताचे पितळ वितळवले, नवे बुश ओतले आणि आतून कोरून बसवून दिले. काम स्वच्छ दिसत होते. तातोबाने बुशात तेल सोडले आणि आम्ही सड्यावर चाचणीला निघालो.

पहिल्याच उतारावर चाके पूर्वीसारखी थरथरली. तातोबाने हँडल फिरवले, गाडी उशिरा वळली आणि एका गडग्याला (जांभ्या दगडांच्या कुंपणाला) घासून थांबली. मडगार्ड वाकले. आम्हाला इजा झाली नाही. मागे अक्का असती तर, या विचाराने मी मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिले.

गाडी बंदरावर परत आणल्यावर बाबलने चाक हलवून पाहिले. त्याला त्यात वावगे काही दिसले नाही.

"पिन ढिली आहे," मी म्हणालो.

"ढिली नाय, मोकली हाय. मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम कशाला?"

"सुकानूची पिन घट बसवली की पान्यात लाकूड फुगता नि सुकानू जाम होता. मग गलबताचा तांडेल माज्या नावानं ओरडतो."

तातोबा मडगार्ड सरळ करत होता. "आरं बाबा, ही मोटार हाय. ही कवा पाण्यात जातीया?"

"तुज्या हातात हाय म्हनजे जाईल पन."

भट्टीपाशी बसलेले खलाशी हसले. तातोबाही हसला. मला हसू आले नाही. मी बाबलला सांगितले की पिन तेल लावून अंगठ्याने दाबली तरच आत जावी, इतके बुश घट्ट हवेत.

"करतंय," तो म्हणाला. "पन असा घट काम मी कदी केला नाय. घाटात तापून जाम झाली तर मला सांगू नका."

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. सैल पिनीने गाडी भरकटते हे आम्ही पाहिले होते. घट्ट पिन चढावर काय करील, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. बाबलने नवे बुश ओतले. या वेळी पिनीला काजळ फासून तो ती आत घाली आणि बुशात जिथे डाग उठे तेवढेच घासून काढी.

बुश बसल्यावर दुसऱ्या सकाळी अक्काला गादीसकट मागे निजवले. साखरप्यापर्यंत गाडी सरळ चालली, पण हँडल जड होते. घाट लागल्यावर तातोबाचा सदरा पाठीला चिकटला. प्रत्येक वळणानंतर मी गाडी थांबवायला लावी, खाली उतरून दोन्ही पिनांना हात लावून पाही. त्या कोमट होत्या. पुढच्या वळणानंतर जास्त कोमट वाटल्या. त्या तापत होत्या की माझा हात गार पडला होता, हे ठरवता येईना.

"तू खाली उतरलास की मला भीती वाटते," अक्का म्हणाली.

"पाहायला नको?"

"पाहून काय करणार आहेस? मला इथं सोडून परत जाणार? बस गप."

मी बसलो. तातोबाने माझ्याकडे न बघता गिअर टाकला. मग घाटमाथ्यावरच्या आंबा गावापर्यंत गाडी थांबली नाही. हँडल जड होते, पण फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी मिरजेला शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली आणि जिवाला धोका नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. अक्का शुद्धीवर आली, तिने पाणी मागितले. शेजारीण सोबतीला रत्नागिरीहून येईपर्यंत मी थांबलो आणि मग गाडी परत करायला कोल्हापूरकडे निघालो.

रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं. तातोबा एका हाताने गाडी हाकत होता. अशा रस्त्यावर माझे हात थरथरू लागले. मांड्यांखाली दाबून धरले तरी थांबेनात. शेवटी मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"काय झालं? चाक हलतंय?"

"चाकाला काही नाही."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, इंजिन बंद केले आणि विडी पेटवली. माझे हात थांबेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.