एकजुटीच्या कामाची शिष्यवृत्ती

विद्यापीठानं त्या साली एक नवीच शिष्यवृत्ती काढली होती. खेड्यात जाऊन लोकांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं, तेही एकट्यानं नाही, तिघांच्या तुकडीनं. काम तिघांनी मिळून केलं पाहिजे आणि परीक्षक येतील त्या दिवशी तिघांनीही गावासमोर बोललं पाहिजे, अशी अट होती. जी तुकडी पहिली येईल तिच्यातल्या प्रत्येकाच्या डाक्तरीच्या शिक्षणाचा खर्च विद्यापीठ करणार होतं. एकजूट हा शब्द त्या छापील पत्रकात इतक्यांदा आला होता की आम्ही त्याची थट्टा करायचो.

आमच्या तुकडीत मी, एका वकिलाचा मुलगा आणि माझा एक वर्गमित्र होता. वकिलाच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली काय नि न मिळाली काय, सारखंच होतं. माझ्या बापाची मेडशीला चांगली काळी जमीन होती, त्यानं मला कसंही शिकवलंच असतं. मित्राचं तसं नव्हतं. तो महाराचा, इंटरपर्यंत मिळणारी मदत संपलेली. ही शिष्यवृत्ती मिळाली तर तो डाक्तर होणार होता, नाहीतर त्याचं शिक्षण तिथंच थांबणार होतं. हे मला पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे नंतर काखा वर करायचीही सोय राहिली नाही.

गाव मी निवडलं. मंगरूळपीरकडचं माझ्या मामाचं गाव, मामा तिथला पाटील. राहायची-जेवायची सोय होईल एवढाच मी विचार केला होता, आणि त्या वयातही तो पुरेसा मूर्खपणाचा होता. गावाला नारूचा त्रास होता. उन्हाळ्यात घरटी एक तरी माणूस पाय पसरून ओसरीवर पडलेला असायचा. पायातून निघालेला दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर उठत नसे. हा किडा येतो पाण्यातून. गावची विहीर पायऱ्यांची होती. तेच दुखरे पाय घेऊन लोक पाण्यात उतरायचे आणि तेच पाणी घागरी भरून घरी न्यायचे.

पहिल्याच दिवशी मामानं मला बाजूला घेतलं.

"भाच्या, तुया त्या सोबत्याले विहिरीवर अन् पारावर आनू नोको. महारवाड्यात राहू दे, तिकडं काम करू दे. मी काई त्याले वाईट बोलून नाई राह्यलो. पन मले गावात राह्यचं हाय."

मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक हाय. तिकडंबी मानसंच राह्यते." मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या समजूतदारपणावर मी फार दिवस फुकट जगलो.

मी आणि वकिलाचा मुलगा गावात फडक्यातून पाणी गाळायला शिकवत होतो. लोक हसत होते. तो मात्र महारवाड्यात घरोघर फिरून माणसं मोजत होता, आणि पंधरा दिवसांनी त्यानं मला बोलावून वही दाखवली. महारवाड्यात नारू झालेला एकही माणूस नव्हता. त्यांना विहीर बंद. ते नाल्याच्या वाळूत खड्डा करून झिऱ्याचं पाणी वाटीनं भरायचे. पाणी वाळूतून गाळून यायचं आणि त्यात कुणाचा पाय पडायचा नाही. गावानं ज्यांना विहिरीपासून हाकललं, तेच या रोगातून वाचले होते. आमच्या सगळ्या कामात खरं शोधून काढलेलं तेवढंच, आणि ते त्याचं होतं.

परीक्षक यायच्या दिवशी आमचं असं ठरलं: आम्ही दोघं पारावर बोलू, मग मी साहेबांना झिऱ्यावर घेऊन येईन, तिथं तो बोलेल. झिऱ्याची गोष्ट तो झिऱ्यावरच सांगणार होता. महारवाड्यातली माणसंही त्यानं गोळा करून ठेवली होती.

साहेब आले, आमची भाषणं झाली, मामाकडं आमरसाचं जेवण झालं. ऊन मी म्हणत होतं. पान खाता खाता साहेबांनी विचारलं, "तिसरा कुठे आहे?"

मामा शेजारीच बसला होता. तो नुसता माझ्याकडं पाहत राहिला. तिसरा महारवाड्यात राहतो म्हटलं तर एकजूट कुठली, हा प्रश्न आलाच असता. वकिलाचा मुलगा खाली मान घालून बसला. मी म्हणालो, "त्याला ताप भरलाय."

वाटलं, आजारी माणसाला साहेब सूट देतील. साहेब अरेरे म्हणाले. झिऱ्याचं मग मीच सांगितलं, वहीतले आकडेही सांगितले. त्यांनी माझी पाठ थोपटली, मोटारीत बसले आणि गेले. मी नाल्यावर गेलो तेव्हा दिवस कलला होता. "साहेबांना घाई होती," असं मी त्याला सांगितलं.

पावसाळ्यात पत्र आलं. पहिली आमचीच तुकडी. मात्र तिसरा उमेदवार आजारपणामुळे गावासमोर बोलला नाही, सबब नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती दोघांनाच. झिऱ्याच्या निरीक्षणाचं खास कौतुक होतं, माझ्या नावानं.

तो माझ्या खोलीवर आला. भांडायला येईल म्हणून मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यानं पत्र दोनदा वाचलं आणि खाटेच्या कडेला बसला.

"मी कवा आजारी होतो?"

मी सगळं सांगितलं. त्यानं पत्राची घडी घालून खाटेवर ठेवली.

"माह्या शब्दावर विद्यापीठवाले भरोसा ठेवनार नाई. तू येक चिठ्ठी लिहून दे. त्या दिवशी मी आजारी नव्हतो अन् वही माही हाय, येवढंच लिही. मामाचं नाव नोको घेऊ. सोमवारपावतर अर्ज घेतेत."

मी हो म्हणालो. त्याच्यासमोर दौत उघडली. परीक्षकाशी खोटं बोललो हे स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं होतं, मग शिष्यवृत्तीही गेली असती आणि कॉलेजात शोभाही झाली असती. म्हटलं, नीट विचार करून लिहितो, सकाळी ये. तो विश्वासानं गेला. उजाडायच्या आत मी पेटी उचलली आणि पहिल्या गाडीनं घरी निघून आलो. सोमवार उलटल्यावरच परत गेलो.

खोलीच्या शेजाऱ्यानं सांगितलं, तो तीन दिवस दोन्ही वेळा येऊन गेला. तिसऱ्या दिवशी येताना कोरा कागद सोबत घेऊन आला होता, तुमच्याकडं नसेल म्हणून.