ओळ संपली की सर थांबतात

डिसेंबरचा दुसरा शनिवार. दुपारी तीनला भिंगारच्या आमच्या चर्चमध्ये ट्रायपॉड उभा करून मी माइकची वायर चिकटपट्टीने फरशीला चिकटवत होते. बेलापूरहून आलेली एक सतरा वर्षांची मुलगी व्हायोलिन वाजवणार होती, साथीला पियानो. संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तिचा व्हिडिओ रविवारी दुपारी बाराच्या आत नेटवर चढवायचा होता. अट अशी, की सगळं एका दमात वाजवलेलं हवं, मध्ये कुठेही कापाकापी नको.

मी लग्नाचं शूटिंग करते. व्हायोलिन-पियानोचं वादन नेटवर टाकायला लागले ती अलीकडे. लग्नात चेहरे धरायचे, इथे हात. पहिल्या वेळी मी एका वादक बाईंचा फक्त चेहरा घेतला होता. खाली कोणीतरी लिहिलं, "वाजवतंय कोण?" तेव्हापासून व्हायोलिनच्या तारा कॅमेऱ्याकडे आणि गज टोकापर्यंत चौकटीत, हे मी आधी बघते.

पियानोवर सर होते. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. आता पंच्याहत्तरीचे आहेत, पण रविवारच्या उपासनेत गीतांना पियानो अजून तेच वाजवतात.

पहिला टेक फसला. दुसराही. स्वर कोणाचाच चुकत नव्हता, पण दर थोड्या वेळाने व्हायोलिन पुढे जायचं आणि पियानो मागे राहायचा.

"ही पळते," सर म्हणाले.

"मी तालात आहे सर. तुम्ही थांबता."

"मी कशाला थांबू? मला काय बस गाठायचीय?"

"आमाला गाठायचीय," पहिल्या बाकावरून मुलीची आई म्हणाली. "साडेसहाची हाय. त्यानंतर न्हाई."

वाद मिटायची वाट न पाहता मी रेकॉर्डिंग मागे नेऊन बघितलं. ओळ संपली की सर हनुवटी उचलून बाकांकडे बघत होते आणि तेवढा वेळ हात तसेच. हे तर मी दर रविवारी बघते. गीताची ओळ संपते, माणसं श्वास घेतात, म्हाताऱ्या बायका शेवटचा शब्द लांबवतात. सगळ्यांचं होईपर्यंत सर पुढची ओळ धरत नाहीत. आज बाकं रिकामी होती, तरी ते थांबत होते.

मी त्यांना स्क्रीन दाखवली. चष्मा वर करून त्यांनी तीनदा बघितलं.

"कधी कोणी बोललं नाही मला."

"बोलायचं काय? तुम्ही थांबता म्हणून तर आम्हाला गाता येतं."

इतक्या वर्षांची सवय एका दुपारी जाणार नव्हती. मी मुलीची जागा बदलली. सरांनी मान वर केली की बाकं न दिसता तिचा गज दिसावा, अशी तिला उभी केली. मग कॅमेरा दुसऱ्या बाजूला न्यावा लागला, तर खिडकीचं ऊन थेट भिंगात. आईची शाल मागून घेतली आणि खिडकीवर बांधली.

तिसरा, चौथा टेक सुधारत गेला. पाचवा जवळजवळ साधला होता. शेवटून दुसऱ्या ओळीला सर थांबले. अर्धा सेकंद.

"मावशी, तेवढंच कापा ना," मुलगी मला म्हणाली. "कोणाला कळणार नाही."

खरंच कळलं नसतं. लग्नात मी भटजींची अख्खी शिंक कापते.

"कळणार नाही. पण काही कापलेलं नाही अशी सही तू फॉर्मवर केलीयेस."

तिचे डोळे भरले. मी बॅटरी काढून चार्जरला लावली. उजेड गेला होता.

"आज मुक्काम माझ्याकडे," मी आईला म्हणाले. "उद्या सकाळी सातला परत."

"आन् म्हशी?"

"शेजारणीला फोन करा."

"सातला? थंडीत माझी बोटं वळत नाहीत," सर म्हणाले.

"गरम पाण्याची पिशवी आणते."

"मी तुला उठाबशा काढायला लावायचो, त्याचा सूड आहे का हा?"

"हो सर. साडेसहालाच या."

ते साडेसहाच्या आधी आले. रविवारी सकाळी मी गरम पिशवी त्यांच्या हातात दिली. पहिल्या टेकला ते दोनदा थांबले. मी पुन्हा बटण दाबलं. दुसऱ्या वेळी ओळीओळीला त्यांची मान वर झाली, गज चालू दिसला आणि हात पुढे गेले, अगदी शेवटपर्यंत. शेवटचा स्वर विरल्यावर मनात दहा मोजले, मगच कॅमेरा बंद केला.

चर्चमध्ये नेट रांगतं, म्हणून स्कूटरवरून सावेडीला बहिणीकडे गेले. व्हिडिओ चढायला पाऊण तास लागला. लिंक फॉर्ममध्ये टाकली, बहिणीच्या मोबाईलवर उघडून सगळा व्हिडिओ बघितला आणि मुलीच्या आईला फोन लावला. "गेला. न कापता गेला."