प्रमुख पाहुण्यांचा प्रश्न

आम्ही वीस-बावीस जण दर रविवारी कामतघरच्या एका शाळेत समूहगायनासाठी जमायचो. शेजारी कापड विणणाऱ्या लूमची खटखट अखंड चालू असायची, त्यातूनच सूर धरायचा. त्या वर्षी आम्हाला गाणं शिकवणाऱ्या सरांनी ग्रीक पुराणातली एक गोष्ट गाण्यात बांधली. दूरच्या युद्धावरून राजा वीस वर्षांनी घरी येतो आणि घरचीच माणसं त्याला विचारतात, "कोण तू?"

"शेवटी खरा फौजी प्रेक्षकांतून चालत आला तर?" सर म्हणाले.

"माझा दादा आहे," मीच बोलले. ते आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते.

दादा लढाईवरून परतला तेव्हा गावानं त्याला हार घालून मिरवलं होतं. आता तो राहनाळला एका गोदामाच्या गेटवर ड्युटी करत होता. "मला बोलाय लागंल काय?" एवढंच त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं, तेव्हा तयार झाला.

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून एक बडे गोदाममालक होते. जुना गणवेश घालून दादा मधल्या वाटेनं चालत आला. आम्ही "कोण तू" उचललं आणि पाहुण्यांनी उठून माईकच हातात घेतला. गाणं तिथंच तुटलं. त्यांनी दादाला दंडाला धरून स्टेजवर आणलं. पाहुण्यांच्या गालात गुटख्याचा तोबरा होता.

"हां जवान, सांग सगळ्यांना. किती मारले?"

शिट्ट्या वाजल्या. मोबाइल वर झाले.

"मारले न्हाय, साहेब," दादा म्हणाला. "माझी ड्युटी जखमी उचलायची. आपली पोरं उचलून आणली. काही अर्धीच गावली."

पाहुणे खो खो हसले. "अरे, असं न्हाय बोलायचं! वाघ हाय आपला! टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात उचलला, आम्ही पुन्हा गायला लागलो. मीसुद्धा. आणि माझा सूर अचूक लागत होता. दादा कधी निघून गेला, ते मला दिसलंही नाही.

पुढच्या रविवारी सर खुशीत होते. "'काही अर्धीच गावली', काय वाक्य आहे! ठाण्याच्या प्रयोगात आपण ते गाऊ. तुमच्या आवाजात छान बसेल."

"सर, ती माणसं होती."

"म्हणून तर लोक रडतील!"

मी वही तिथंच टाकली आणि बाहेर पडले. त्यांनी ते वाक्य गायलंच. लोक रडले म्हणे.

मी दादाला सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात कुस्करला. मग त्या पोरांपैकी एकाबद्दल बोलला. कुठल्या गावचा, वाटेत सारखं काय मागत होता, ते सगळं. इतक्या वर्षांत घरात त्यानं पहिल्यांदाच हे तोंडातून काढलं. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.