छत्तीस हजार पाचशे अकरा

निजामाच्या अमलात मी पूर्णा जंक्शनवर मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपायचं काम करत असे. दिवसभर डोळ्यांसमोर आकडेच, त्यामुळे रिकामपणी ते भागून बघायची खोड लागली. एका डब्यानं मात्र माझी पुरती जिरवली. ३६५११. कशानंही भागा, बाकी उरायचीच. दोन दिवस झटलो आणि शेवटी जाहीर केलं, की हा आकडा भागणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

त्याच सुमारास वडिलांनी चारठाण्याची एक मुलगी हेरली. मला लग्नच नको होतं. खानावळीत जेवावं, संध्याकाळी फलाटावर फिरावं, विचारणारं कुणी नाही. हे सुख सोडून गळ्यात धोंड कोण बांधून घेईल? पण वडिलांना नाही म्हणायची छाती नव्हती. म्हणून मी शर्त घातली. "पोरीनं हा आकडा बिनबाकी भागून दाखवावा. जमलं तर लगीन, न्हाई तर न्हाई."

"येड लागलंय का तुला?" वडील म्हणाले. पण आले.

चारठाण्यात चहा झाला आणि मी ऐटीत आकडा सांगितला. मुलीनं सारवलेल्या जमिनीवर बोटानं चार रेघोट्या ओढल्या.

"एकोणतिसानं जातोय. बाराशे एकोणसाठ येळा."

"भाऊ पाढे घोकायचा, पाठ हिला झालं," तिचे वडील कौतुकानं म्हणाले.

खरं सांगायचं तर दोनपासून तिसापर्यंत सगळे पाढे मी त्या आकड्याला लावून पाहिले होते, फक्त एकोणतीस सोडून. शाळेत सगळे एका सुरात पाढे म्हणायचे तेव्हा एकोणतिसाला मी नुसते ओठ हलवायचो. त्या गलक्यात कुणाला कळतंय? आणि पाढे तिसाला संपतात, तेव्हा भागाकारही तिथंच संपत असणार, अशी माझी समजूत.

"ठरलं मग!" वडील खुशीत आले.

"माजी बी एक शर्त हाय," मुलगी म्हणाली. "पावन्यांनी एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवावा."

मी चौथ्यालाच अडकलो.

"पाठ करून या," म्हणत ती आत गेली.

परतीच्या वाटेवर वडील हसत होते आणि मी धुमसत होतो. दोन दिवसांनी राग उतरला, तेव्हा कळलं की खरी भीती वेगळीच आहे. ही आपल्याला नको म्हणाली तर? मला आता तीच हवी होती. आठ दिवस मी मालगाडीच्या डब्यांना पाढा ऐकवला.

पुन्हा गेलो. ती दाराआड उभी. सहापर्यंत झोकात गेलो.

"एकोणतीस साते... दोनशे चार."

तिचे वडील कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघायला लागले. गेलं सगळं, असं मला वाटलं.

एवढ्यात दाराआडून घाईची कुजबुज आली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"अवो, तीन! दोनशे तीन!"

तिचे वडील दाराकडं बघून खो खो हसले. "ऱ्हाऊ द्या म्होरला पाढा," ते म्हणाले आणि त्यांनी कुंकू आणायला सांगितलं.